चिमणी तगते, मग हवाईचा इईवी का मरतो?

प्रश्न:
हवाई बेटांवरील हनीक्रीपर पक्ष्यांच्या ऱ्हासामागे पक्ष्यांचा मलेरिया आहे, असे वाचले. त्याचा परजीवी, प्लास्मोडियम रेलिक्टम, जगभरच्या चिमण्यांच्या रक्तातही आढळतो आणि त्या बहुधा तगून राहतात. मग इईवीसारखा हनीक्रीपरच एवढा बळी का पडावा, आणि उरलेले पक्षी उंच डोंगरांवरच का दिसतात?

प्रतिसाद १:
चिमण्यांचा या परजीवीशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. हवाईत मात्र १८२६ पूर्वी डासच नव्हते. क्युलेक्स क्विंक्विफॅशिएटस, म्हणजे आपल्याकडे हत्तीरोग पसरवणाराच डास, जहाजावरील पिंपांतल्या पाण्यातून तेथे पोहोचला आणि पुढे बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर परजीवीही आला. बाधित डासाच्या एकाच दंशानंतर सुमारे ९० टक्के इईवी दगावल्याचे प्रयोगात दिसले आहे. परजीवी तांबड्या पेशींत वाढून त्या फोडत जातो, तसा पक्षी रक्तक्षयाने खंगतो. जे वाचतात त्यांच्या रक्तात संसर्ग दीर्घकाळ टिकतो, त्यामुळे डासांना तो पुन्हा मिळत राहतो.

प्रतिसाद २:
उंचीचे उत्तर तापमानात आहे. सुमारे १३ अंश सेल्सिअसखाली डासाच्या शरीरात परजीवीची वाढ थांबते, आणि साधारण १५०० मीटरच्या वर डासही विरळ होतात. परंतु हवामान तापते आहे तसा हा आसरा वर सरकतो आहे. काउआई बेटाचे तर सर्वोच्च शिखरच १६०० मीटरच्या आत असल्याने तेथील अकिकिकी हा हनीक्रीपर जंगलातून जवळपास नाहीसा झाला आहे. त्यात रानटी झालेल्या डुकरांची भर पडते. ती वृक्षनेच्याचे खोड फोडून आतला पिठूळ गाभा खातात, त्या पोकळीत पावसाचे पाणी साचते आणि ऐन जंगलात डासांच्या अळ्या वाढतात.

प्रश्नकर्ता:
मग कुंपण घालून डुकरे हटवली तर पुरे होईल का?

प्रतिसाद २:
माझ्या मते नाही, कारण ओढ्याकाठच्या खडकांतील डबकी राहतातच आणि जंगलभर औषध फवारले तर इतर कीटकही मरतील. म्हणूनच २०२३ पासून माउई बेटावर वोल्बाकिया जिवाणूचा, स्थानिक डासांतल्यापेक्षा वेगळा वाण असलेले नर डास हेलिकॉप्टरमधून सोडले जात आहेत. नर चावत नाहीत, आणि त्यांच्याशी समागम झालेल्या स्थानिक माद्यांची अंडी उबत नाहीत.

प्रतिसाद १:
एक पुस्ती जोडतो. या बेटांपैकी हवाई नावाच्याच बेटाच्या सखल भागात आमाकिही हा हनीक्रीपर मलेरिया अंगावर घेऊनही टिकला आहे. इईवीची संख्या मात्र इतक्या वेगाने घटते आहे की तशी सहनशक्ती निवडीतून येईपर्यंत थांबण्याइतका अवकाश त्याच्यापाशी दिसत नाही.