तुमच्या फोनची सुरक्षा-पॅचची तारीख कोणती? अनुभव लिहा

धागाकर्ता, म्हापसा :
गेल्या चतुर्थीला बाबांच्या मोबाइलवर बँकेचे ॲप उघडेनासे झाले आणि आम्ही सगळ्यांनी नेहमीप्रमाणे नेटवर्कला दोष दिला. सेटिंग्जमध्ये जाऊन पाहिले, तर सुरक्षा-पॅचची, म्हणजे फोनच्या प्रणालीतील धोकादायक त्रुटी बुजवणाऱ्या शेवटच्या दुरुस्तीची, तारीख साडेतीन वर्षांपूर्वीची निघाली. फोनच्या काचेवर मात्र एक ओरखडाही नव्हता. २०१५ मध्ये अँड्रॉइडमधील स्टेजफ्राइट ही त्रुटी उघड झाली, तेव्हापासून गूगल अँड्रॉइडसाठी जवळपास दरमहा सुरक्षा दुरुस्त्या प्रसिद्ध करते. पण त्या आपल्या फोनपर्यंत आणायच्या की नाहीत, कधी आणायच्या आणि किती वर्षे आणायच्या, हे फोनची कंपनी ठरवते. आपला अनुभव, खरेदीचे वर्ष आणि पॅचची तारीख कृपया लिहावी.

शिक्षिका, फोंडा :
माझा मध्यम किमतीचा सॅमसंग २०२१ चा आहे. सुरुवातीला पॅच दर महिन्याला येत असे, पुढे तो तीन महिन्यांनी येऊ लागला. फोन बिघडला असे समजून मी दुकानात गेले होते. नंतर कळले की कंपनीच मॉडेल जुने होत गेले की त्याला मासिक यादीतून त्रैमासिक यादीत टाकते. आता गॅलॅक्सी ए१६ सारख्या स्वस्त फोनलाही सहा वर्षांचे आश्वासन आहे, तेव्हा 'महाग घ्या, तरच अपडेट मिळतील' हा सल्ला जुना झाला.

वाळपई :
माझ्याकडे गूगलचा पिक्सेल ८ आहे. त्याला ऑक्टोबर २०२३ पासून सात वर्षे अपडेट मिळणार आहेत. आमच्याकडे पावसात वीज गेली की वायफायही जाते, त्यामुळे मोठे अपडेट उतरायला कधी दोन दिवस लागतात. तरी भीती वाटत नाही, कारण या फोनमध्ये प्रणालीसाठी दोन जागा असतात. नवी आवृत्ती रिकाम्या जागेत बसते आणि ती सुरू झाली नाही, तर फोन जुनीवर परततो.

पणजी :
माझा अनुभव कडू आहे, म्हणून कंपनीचे नाव लिहीत नाही. मोठे अपडेट घेतल्यानंतर आठवड्याच्या आत पडद्यावर उभी हिरवी रेघ उमटली. सेवा केंद्रात 'वॉरंटी संपली, पडदा बदलावा लागेल' एवढेच उत्तर मिळाले. रेघ अपडेटमुळेच आली, हे मी सिद्ध करू शकत नाही; तेव्हापासून मात्र कोणतेही अपडेट घेण्याचे धाडस होत नाही.

धागाकर्ता, म्हापसा :
पणजीकरांची धास्ती समजते, पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात असे मला वाटते. अँड्रॉइडची नवी आवृत्ती पंधरा-वीस दिवस थांबून, इतरांचे हाल पाहून घ्यावी. मासिक पॅच मात्र अडवू नये.

मडगाव :
आमच्या घरी २०१३ चा आयफोन ५एस अजून जपून ठेवला आहे. त्याला जानेवारी २०२३ मध्ये १२.५.७ हे सुरक्षा अपडेट आले, तेव्हा माझा स्वतःचा २०१९ चा अँड्रॉइड फोन पॅचविना पडून होता.

काणकोण :
हा धागा वाचून नवा फोन घेताना मी दुकानदाराला विचारले, अपडेट किती वर्षे मिळतील? ते म्हणाले, "सॉफ्टवेअर गेले तर घेऊन या, फुकट घालून देतो."