पंचांग वाचायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

रानजाई
नमस्कार मंडळी. आजवर भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर निभावलं, आता पंचांग नीट वाचता यावं असं फार वाटतंय. तिथीपुढे ‘११.४२ पर्यंत’ असं दिलेलं असेल तर त्या दिवसाची तिथी कोणती धरायची? सध्या मी जर्मनीत आहे, भारतातल्या वेळा इथे चालतील का? आणि छापील घेऊ की अ‍ॅप?

ध्रुवमत्स्य
आधी तिथीचा रकाना पक्का करा, बाकीचं मागाहून. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची चाल कमीजास्त होते, म्हणून तिथी कधी २० तासांत आटोपते, कधी २६ तासांपर्यंत लांबते. सूर्योदयाला जी चालू असेल ती त्या दिवसाची. दोन सूर्योदयांच्या मधेच सुरू होऊन संपली तर तिचा क्षय, तिच्यात दोन सूर्योदय आले तर वृद्धी.

सणावारांना मात्र एवढ्यावर भागत नाही. समजा मंगळवारी वद्य तृतीया संध्याकाळी ५ ला संपली. दिवस तृतीयेचाच, पण चंद्रोदयाला चतुर्थी आहे, म्हणून संकष्टी त्याच दिवशी, आणि तीही अंगारकी! गणेश चतुर्थीला मध्यान्ह बघतात, लक्ष्मीपूजनाला प्रदोष (सूर्यास्तानंतरचा काळ), महाशिवरात्रीला मध्यरात्र. हे कळलं की ‘सण आज की उद्या’ हा घोळ बराचसा सुटतो.

वाळाकाकू
करणाकडेही लक्ष असू दे गं. करण म्हणजे अर्धी तिथी. त्यातलं विष्टी म्हणजेच भद्रा, शुभकार्याला टाळतात. राखीची वेळ विचारतात ती त्यासाठीच. जुन्या पंचांगात घटी-पळं दिसली तर घाबरू नकोस, सूर्योदयापासून मोजायची, १ घटी म्हणजे २४ मिनिटं.

उत्तरायण
जर्मनीबद्दल: तिथी जगभर एकाच क्षणी बदलते. भारतीय वेळेतून हिवाळ्यात साडेचार तास वजा करा, उन्हाळ्यात साडेतीन. पण सूर्योदय नि चंद्रोदय तुमच्या गावचे धरायचे, त्यामुळे संकष्टी कधीकधी भारतापेक्षा वेगळ्या दिवशी येईल. राहुकाळाचंही तसंच: दिनमानाचे (सूर्योदय ते सूर्यास्त) आठ भाग करून सोमवारी दुसरा, रविवारी शेवटचा. छापील ७.३० ते ९ तुमच्याकडे जुळणार नाही.

शिकायला छापीलच घ्या, सोलापूरचं दाते चांगलं. रोजच्या वेळांना अ‍ॅप, पण त्यात शहर आपलं निवडा आणि महिना ‘अमान्त’ (अमावास्येला संपणारा) ठेवा. पौर्णिमान्त (पौर्णिमेला संपणारा) राहिलं तर वद्य पक्षात पुढच्याच महिन्याचं नाव दिसेल.