जुन्या एमएक्स-5चं अलाइनमेंट : लेझर रॅक की दोरी?

चाकोरी (धागाकर्ता)
पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-5 (1989 ते 97) टायरच्या दुकानात नेऊन अलाइनमेंटवर, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्यावर, पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. बहुतेक दुकानं पुढच्या टाय रॉडचे (स्टिअरिंगपासून चाकाला वळवणाऱ्या दांड्यांचे) लॉकनट सैल करतात, टो (वरून पाहता चाक किती आत-बाहेर वळलंय) जुळवतात, हिरव्या, म्हणजे मर्यादेत बसणाऱ्या, आकड्यांचा कागद हातात ठेवतात आणि गिऱ्हाईक कटवतात. या गाडीला चारही कोपऱ्यांत डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वरचा आणि खालचा असे दोन आर्म धरतात. प्रत्येक खालच्या आर्मच्या आतल्या टोकाला दोन कॅम बोल्ट (फिरवले की आर्म आत-बाहेर सरकवणारे), म्हणजे एकूण आठ. पुढे कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल), कॅस्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या आसाचा कल) आणि टो, मागे कॅम्बर आणि टो, सगळं बदलता येतं. त्यातला फक्त पुढचा टो करून पूर्ण अलाइनमेंटचे पैसे घेणं ही सरळ फसवणूक आहे.

हेच काम घरी होतं. चार स्टँड, दोन लांब नळ्या, दोरी, स्टीलची पट्टी आणि डिजिटल कोनमापक लागतो. दोऱ्या चाकाच्या मध्याच्या उंचीवर, एकमेकींना समांतर ताणायच्या. मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) पुढच्यापेक्षा थोडा रुंद आहे, त्यामुळे हबपासून दोरीचं अंतर पुढे जास्त आणि मागे कमी येणार. ते डाव्या-उजव्या बाजूला सारखं आलं म्हणजे झालं. मग रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत मोजा. वजाबाकी केली की त्या चाकाचा टो मिळतो.

पाना बारा
असहमत. दोरी टो सांगते, मान्य. पण कॅम्बर जमिनीवर अवलंबून असतो आणि घरच्या गॅरेजची फरशी समतल नसते. साधारण 1400 मिमी ट्रॅकवर एका बाजूची जमीन 5 मिमी खाली असेल, तर दोन्ही चाकांचा कॅम्बर 0.2 अंशाने चुकतो, एकाचा इकडे आणि दुसऱ्याचा तिकडे. म्हणजे डाव्या-उजव्यात नसलेला 0.4 अंशाचा फरक दिसतो, आणि आपण तो 'दुरुस्त' करत बसतो.

शिवाय कॅस्टर कसा मोजणार? चाक 20 अंश आत, मग 20 अंश बाहेर वळवायचं, दोन्ही कॅम्बरच्या फरकाला सुमारे दीडने गुणायचं. त्यासाठी अंश दाखवणाऱ्या फिरत्या प्लेट हव्यात. दुकानातल्या लेझर रॅकवर, म्हणजे गाडी चढवून कोन मोजायच्या यंत्रावर, हे दोन मिनिटांत होतं. दुकान वाईट असेल तर दुकान बदला, रॅकला कशाला शिव्या?

चाकोरी
फरशीचा उपाय गवंड्याला विचारा. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही चाकांखालची पातळी बघायची आणि कमी पडेल तिथे पातळ फरशा, पत्रे सारायचे. चाकाखाली दोन गुळगुळीत फरशांमध्ये ग्रीस लावलं की फिरती प्लेट तयार. अंश जमिनीवर खडूने आखता येतात.

तांबेरा
तुमचं दोघांचं भांडण बोल्ट फिरतात असं धरून चाललंय. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तिथल्या तीस वर्षांच्या गाडीत कॅम बोल्टचा दांडा बुशच्या (आर्मच्या टोकातल्या रबरी सांध्याच्या) आतल्या लोखंडी नळीला गंजून चिकटलेला असतो. नट सुटतो, डोकं ढिम्म. जोर लावला की नळीसकट रबर पिळवटून फाटतं. नट न सोडवता इम्पॅक्ट गन लावली, तर सबफ्रेमवरच्या (आर्म जोडलेल्या लोखंडी चौकटीवरच्या) ज्या कडांमध्ये कॅम बसतो त्या वाकतात आणि मग कुठलंच माप टिकत नाही. बरीच दुकानं 'फक्त टो' करतात त्याचं खरं कारण हे आहे. बोल्ट तुटला तर निस्तरायचं कोणी?

आधीचे काही दिवस रोज गंज सोडवणारं तेल मारा. नट काही आटे ढिला करून डोकं पान्याने हळूहळू पुढे-मागे हलवा. गॅसची ज्योत लावू नका, बुश जळतो. नाहीच सुटला तर बुश आणि ब्रॅकेटच्या मधल्या फटीत करवतीचं पातं घालून दोन्ही बाजूंनी कापा. नवा बोल्ट, नवी कॅम प्लेट आणि बहुधा नवा बुश लागेल. दांड्याला अँटी-सीझ (गंजून चिकटू न देणारी पेस्ट) लावा, आट्यांना नको.

पाना बारा
तांबेरा यांना +1. भर एवढीच की, शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असतानाच. जॅकवर आर्म लोंबकळत असताना आवळलं तर रबरी बुश त्या स्थितीत धरला जातो, गाडी खाली आल्यावर पिळलेला राहतो आणि लवकर मरतो. उंचीही बदलते, म्हणजे कॅम्बर पुन्हा हलला.

क्रम : टायरची हवा, बॉल जॉइंटचा खुळखुळा, सीटवर चालकाइतकं वजन. मग मागची चाकं, मग पुढचा कॅस्टर आणि कॅम्बर, शेवटी स्टिअरिंग सरळ बांधून पुढचा टो. टो आधी केला तर वाया, कारण कॅम्बर हलला की टो हलतोच.

गरागरा
आकड्यांवर कोणी बोलेल का? सार्वजनिक रस्त्यासाठी पुढे उणे 1, मागे उणे 1.5 अंश कॅम्बर (उणे म्हणजे चाकाचा माथा आत कललेला). कॅस्टर साडेचार ते पाच, दोन्हीकडे सारखा. पुढे जवळपास शून्य टो, मागे एकूण 2-3 मिमी टो-इन (चाकांची पुढची बाजू आत वळलेली). कारखान्याचे आकडे यापेक्षा मवाळ आहेत आणि वळणावर पुढचं टोक आळशी वाटतं.

पाना बारा
मिलिमीटर कुठे मोजलेले? 185/60 आर14 टायरचा व्यास सुमारे 578 मिमी. तिथले 3 मिमी म्हणजे 0.3 अंश. तेच 3 मिमी रिमच्या कडेवर, साधारण 380 मिमीवर मोजले तर 0.45 अंश. दोरीवाले रिमवर मोजतात आणि टायरचा आकडा लावतात. अंशातच बोला.

पुढे शून्य टो तुम्हाला चपळ वाटेल, पण लांबच्या मोटरवेवर गाडी रस्त्याच्या प्रत्येक खाचेमागे जाते. रोज चालवायला थोडा टो-इन बरा.

चाकोरी
अंश मान्य, रिमवर मोजून रूपांतर करायला एक मिनिट लागतो. पण कागदावरचा हिरवा रंग अजून कोणी सोडवला नाही. कारखान्याची मर्यादा इतकी रुंद आहे की डावीकडे उणे 0.2 आणि उजवीकडे उणे 0.9 आलं, तरी दोन्ही हिरवे दिसू शकतात. गाडी मात्र डावीकडे ओढत राहते, कारण कमी उणे कॅम्बरच्या बाजूला ओढ बसते.

तांबेरा
म्हणून कागदावर रंग नाही, डाव्या-उजव्यातला फरक बघायचा. आणि दुकानात आत शिरण्याआधी एकच प्रश्न विचारायचा : मागचे कॅम बोल्ट सोडवणार का? 'बघू' म्हणाले तर गाडी वळवायची. मागे टो-आउट (चाकांची पुढची बाजू बाहेर) राहिलेली ही गाडी ओल्या गोलचौकात ॲक्सिलरेटर सोडताच मागून सुटते. त्यापुढे पुढचा टो अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे हा वाद नंतर घाला.