मदत हवी आहे: फॉकलंड युद्धात सैन्य किनाऱ्यावर नेमकं कसं उतरवलं?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनकट्ट्यावर १९८२च्या फॉकलंड युद्धावर (दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांसाठी ब्रिटन आणि अर्जेंटिना लढले ते) बोलायचं मी अंगावर घेतलंय. बेलग्रानो, शेफील्ड या बुडालेल्या युद्धनौका आणि एक्झोसेट क्षेपणास्त्र यांवर हवं तेवढं वाचायला मिळतं. पण २१ मेला ब्रिटिशांनी सान कार्लोसला फौज उतरवली, त्या प्रकरणाशी आलो की गाडी अडते.

कॅनबेरा या प्रवासी जहाजावर ४० कमांडो, ४२ कमांडो (ही मरीन सैनिकांच्या पलटणींची नावं, माणसांचा आकडा नव्हे) आणि ३ पॅरा (छत्रीधारी सैनिकांची) अशा तीन पलटणी होत्या. मग १९ मेला भर समुद्रात ४० कमांडोला फिअरलेस आणि ३ पॅराला इंट्रेपिड या नौदलाच्या जहाजांवर का हलवलं? माणसं तर आधीच जहाजात होती! दुसरं, राजधानी स्टॅनली ही बेटाच्या पूर्व टोकाला आणि हे उतरले पार पश्चिमेकडे, सुमारे ८० किलोमीटरवर. असं का? आणि ८ जूनला फिट्झरॉयला सर गॅलहॅड जहाजावर वेल्श गार्ड्स या ब्रिटिश पलटणीचे जवान दिवसाउजेडी तासन्‌तास बसून का राहिले?

जाणकारांनी कृपया सोप्या भाषेत सांगावं. नौदलाशी माझा संबंध भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडण्यापुरताच.

प्रतिसाद १

पहिल्या प्रश्नाचं उत्तर फिअरलेसच्या पोटात आहे. या जहाजाच्या मागच्या भागात डॉक असतो. टाक्यांत पाणी भरून जहाजाची मागची बाजू खाली बसवतात, दार उघडतात, समुद्र आत येतो आणि आतल्या लँडिंग क्राफ्ट (थेट किनाऱ्याला लागणाऱ्या होड्या) माणसं-गाड्यांसकट तरंगत बाहेर पडतात. अशा चार मोठ्या होड्या (एलसीयू) डॉकमध्ये, शिवाय चार छोट्या वर टांगलेल्या. इंट्रेपिडही तसंच.

साध्या जहाजावरून हेच करायचं तर पाठीवर ओझं घेऊन, अंधारात, खालीवर होणाऱ्या होडीत एकेकाने उतरायचं. २ पॅरा नॉरलँड या फेरीबोटीवरून तशीच उतरली. त्यात एक जवान होडी आणि जहाज यांच्यामध्ये पडून जायबंदी झाला, आणि आधीच रेंगाळलेलं वेळापत्रक आणखी लांबलं. शिवाय तीन पलटणी एकाच जहाजावर ठेवायच्या आणि त्यावर बॉम्ब पडला तर? हे कारण तितकंच मोठं होतं.

आपल्याकडे डॉकवालं जहाज म्हणजे आयएनएस जलाश्व. मूळचं अमेरिकेचं १९७१चं ट्रेंटन, २००७मध्ये आपल्या नौदलात आलं. ऐरावत, केसरी ही वेगळ्या जातीची. ती स्वतः किनाऱ्याला नाक लावतात आणि पुढचं दार उघडतात.

प्रतिसाद २

वरच्यात भर. उतरवण्याचा निम्मा खेळ सामान चढवतानाच ठरतो. आधी लागणारं शेवटी चढवायचं. ब्रिटिश निघाले घाईत, मिळेल ते मिळेल तिथे कोंबून. वऱ्हाडाच्या बसमध्ये पूजेचं सामान तळाला जावं, तशी गत. मग वाटेतल्या असेन्शन बेटापाशी थांबून सगळं पुन्हा लावावं लागलं. युद्धाच्या गोष्टींत हा भाग कुणी रंगवून सांगत नाही, पण तुम्ही कट्ट्यावर जरूर सांगा.

सान कार्लोस निवडलं कारण तिथे शत्रू जवळजवळ नव्हता. स्टॅनलीभोवती अर्जेंटिनाची मुख्य फौज आणि सुरुंग. सान कार्लोसची खाडी अरुंद, भोवती डोंगर. पाणबुडीला आत शिरणं अवघड, एक्झोसेटला नेम धरणं अवघड. साध्या बॉम्बफेकी विमानांपासून मात्र बचाव नव्हता. आर्डंट आणि अँटिलोप या ब्रिटिश युद्धनौका त्याच परिसरात बुडाल्या. पण अर्जेंटिनाच्या वैमानिकांनी मारा केला तो मुख्यतः लढाऊ जहाजांवर. सैन्य-सामानाची जहाजं वाचली. माझ्या मते लढाईचं पारडं तिथे फिरलं.

स्टॅनलीपर्यंत हेलिकॉप्टरने जायचा बेत होता. २५ मेला अटलांटिक कन्व्हेयर हे मालवाहू जहाज जळालं आणि त्यावरची तीन मोठी चिनूक हेलिकॉप्टरं गेली. मग बरेच जण चालतच निघाले. वेल्श गार्ड्सना समुद्रमार्गे पुढे न्यायचं ठरलं, पण फिअरलेस-इंट्रेपिडना दिवसा तिकडे नेणं परवडणारं नव्हतं. म्हणून सर गॅलहॅड. फिट्झरॉयला लँडिंग क्राफ्ट मोजक्या, त्यातही दारूगोळा भरलेला. आणि उतरायचं इथे की जवळच्या ब्लफ कोव्हला, यावर अधिकाऱ्यांत घोळ. तेवढ्यात विमानं आली. त्या एका जहाजावर ४८ माणसं गेली, त्यातले ३२ वेल्श गार्ड्स.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार! वाचताना आणखी एक सापडलं: १९८१च्या संरक्षण आढाव्यात फिअरलेस आणि इंट्रेपिड दोन्ही मोडीत काढायच्या यादीत होती. इंट्रेपिड तर राखीव गोदीतून परत काढावी लागली. कट्ट्यावर सुरुवात यानेच करतो.

आता एकच मदत: सान कार्लोस, एजॅक्स बे आणि पोर्ट सान कार्लोस, म्हणजे ब्लू, रेड आणि ग्रीन बीच, तिन्ही दिसतील असा मोठा नकाशा कुणाकडे आहे का? प्रोजेक्टरवर दाखवायचाय. माझ्याकडचा इतका बारीक आहे की मागच्या रांगेला फक्त निळा रंग दिसेल.