जुन्या कॉम्पोझिशन बाहुलीचा चेहरा: संपूर्ण रंगवावा की फक्त गेलेला भाग भरावा?

जुनी_पेटी

नमस्कार. माझ्याकडे साधारण दीड फूट उंचीची एक जुनी कॉम्पोझिशन बाहुली आली आहे. मानेमागे कारखान्याचा ठसा आहे, परंतु तो रंगाखाली बुजल्यामुळे वाचता येत नाही. एकंदर घडणीवरून ती 1930च्या दशकातील असावी, असा माझा अंदाज आहे. डोके, धड, हात व पाय हे सर्व भाग भुशाच्या घट्ट लगद्यासारख्या पदार्थाचे असून ते आतून इलॅस्टिकने एकमेकांना जोडलेले आहेत.

तिची सध्याची अवस्था अशी आहे: चेहऱ्यावर सर्वत्र बारीक भेगांचे जाळे पसरले आहे, डाव्या गालावरचा नखाएवढा पोपडा उडून आतला तपकिरी थर दिसू लागला आहे आणि हनुवटीपाशी भेगांच्या कडा वर उचलल्या गेल्या आहेत. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली आहेत. दोन्ही पायांवर पूर्वी कोणीतरी ऑइलपेंट चोपडला आहे. उघडझाप करणाऱ्या डोळ्यांवर पांढरट साय आल्यासारखे दिसते.

संपूर्ण चेहरा पॉलिशपेपरने घासून सपाट करावा, लांबी (पुटी) भरावी, ॲक्रिलिक रंगाचे दोन-तीन हात द्यावेत आणि वरून वार्निश लावावे, असा माझा विचार आहे. मला चित्रकलेचा चांगला सराव आहे, त्यामुळे डोळे-ओठ रेखाटण्याची भीती वाटत नाही. ही पद्धत योग्य आहे का, आणि काम सुरू करण्यापूर्वी बाहुली ओल्या फडक्याने पुसली तर चालेल का?

सरसभुसा

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्याची घाई अधिक आहे: ओले फडके अजिबात लावू नका. कॉम्पोझिशन म्हणजे मुख्यतः लाकडाचा बारीक भुसा आणि त्याला बांधून ठेवणारा सरस. कारखान्यागणिक त्यात स्टार्च, राळ वगैरे पदार्थ कमीअधिक प्रमाणात मिसळलेले असत. हे मिश्रण साच्यात दाबून वाळवले जाई आणि त्यावर रंगाचे थर चढवले जात. सरस पाण्याने मऊ होतो आणि भुसा पाणी पिऊन फुगतो. रंग शाबूत असेल तोवर तो थोडीफार ढाल बनतो, परंतु तुमच्या बाहुलीच्या चेहऱ्यावर जाळेच पडले असल्यामुळे प्रत्येक भेगेतून पाणी थेट गाभ्यापर्यंत पोहोचेल आणि आज उचललेल्या कडा उद्या गळून पडतील.

भेगांचे कारणही हेच आहे. हवेतील दमटपणा वाढला की गाभा फुगतो आणि कमी झाला की आकसतो; वरचा लॅकरचा, म्हणजे मूळ रंगलेपाचा, थर मात्र वयोमानाने कडक व ठिसूळ झालेला असतो आणि गाभ्याच्या या हालचालीला साथ देऊ शकत नाही. म्हणूनच तुम्ही आज कितीही सुबक रंग चढवलात, तरी बाहुली ऋतूगणिक कोरड्या-दमट हवेत राहिली, तर खालची हालचाल नव्या रंगालाही कालांतराने तडे देईल.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. पॉलिशपेपरने चेहरा घासू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची तीन कारणे आहेत. पहिले असे की, अशा बाहुल्यांच्या गालांवरची लाली आणि भुवयांच्या रेषा ही त्या काळच्या कारागिराच्या हातची खूण असते. ती एकदा घासली गेली की परत येत नाही. संग्राहकसुद्धा भेगाळलेल्या मूळ चेहऱ्याला नव्याने रंगवलेल्या गुळगुळीत चेहऱ्यापेक्षा अधिक मान देतात. दुसरे, त्या काळच्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असते आणि घासताना उडणारी धूळ श्वासावाटे शरीरात जाते. तिसरे कारण निव्वळ व्यवहाराचे आहे: नाकाचा शेंडा आणि ओठांच्या कडा इतक्या उथळ असतात की पॉलिशपेपर फिरताच त्यांचा मूळ आकार बदलतो, आणि मग कितीही चांगले चित्र काढले तरी चेहरा तोच वाटत नाही.

त्याऐवजी हा क्रम ठेवावा. दिवसाच्या उजेडात सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. मग मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडावी. ब्रश चिकटून असलेल्या बाजूकडून उचललेल्या कडेकडे फिरवावा, विरुद्ध दिशेने कधीही नाही. चिकट मळ असेल तर कापसाचा अगदी लहान बोळा लाळेने किंचित ओलसर करून शाबूत रंगावर एखाद्या लपलेल्या जागी फिरवून पाहावा. ऐकायला विचित्र वाटेल, परंतु लाळेतील एन्झाइममुळे मळ सुटतो आणि संग्रहालयांतील संवर्धकही ही पद्धत वापरतात. बोळ्यावर गुलाबी छटा उतरू लागली, तर त्याच क्षणी थांबावे.

यानंतर हनुवटीच्या कडा बसवाव्यात. सर्वांत अधिक वेळ याच कामाला द्यावा. पातळ केलेल्या ॲक्रिलिक डिंकाचा अगदी लहान थेंब शून्य नंबरच्या ब्रशच्या टोकावर घेऊन तो भेगेच्या तोंडाशी नुसता टेकवावा. तो पुसत न्यायचा नाही, भेग त्याला आपोआप आत ओढून घेते. मिनिटभर थांबल्यावर ठिसूळ पापुद्र्याचा ताठरपणा किंचित कमी होतो. मग त्यावर सिलिकॉन लावलेल्या कागदाचा तुकडा ठेवून बोटाच्या पोटाने हलका दाब द्यावा आणि वर आलेला डिंक कोरड्या बोळ्याने लगेच टिपावा. या डिंकातही पाणी असतेच, म्हणून एका वेळी एकच पापुद्रा घ्यावा आणि तो पूर्ण वाळल्याशिवाय शेजारच्याला हात लावू नये. पापुद्रा बसायला तयार नसेल तर जोर करू नका, तो मोडेल. त्याला त्या अवस्थेतच खालून आधार देऊन चिकटवणे पुरेसे आहे.

गालावरचा खड्डा भरण्यासाठी इपॉक्सीची पुटी टाळावी. ती गाभ्यापेक्षा इतकी कडक होते की पुढे हवामान बदलले की भराव शाबूत राहतो आणि त्याच्या कडेची जुनी कॉम्पोझिशन तुटते. चाळलेला लाकडाचा भुसा आणि पांढरा डिंक यांचे घट्ट मिश्रण पातळ थरांत भरावे, कारण ते वाळताना आकसते, आणि अखेरचा थर खडूच्या पुडीचा द्यावा. भराव सपाट करताना मात्र पॉलिशपेपर लागेल. त्यासाठी पातळ प्लॅस्टिकच्या तुकड्याला खड्ड्याच्या आकाराचे भोक पाडून तो गालावर धरावा आणि नाकातोंडावर मास्क लावून फक्त भोकातून दिसणारा भाग घासावा. चिकटपट्टी लावून कडा झाकण्याचा मोह होईल, परंतु पट्टी काढताना जुना रंग तिच्याबरोबर निघून येतो.

रंगाचा नियम एकच: नवा रंग भरावाची कड ओलांडून जुन्या रंगावर जाता कामा नये.

बारीक_कुंचला

सरसभुसा यांचे चेहऱ्याविषयीचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु पूर्ण रंगकाम म्हणजे अपराधच, असा सूर त्यातून उमटतो, तो मला पटत नाही. निम्म्याहून अधिक रंग गळून गेलेले हातपाय मी पाहिले आहेत. तिथे शंभर ठिकाणी भराव करून शंभर ठिपके रंगवण्यात काही अर्थ नसतो. उघडा गाभा दमटपणा शोषत राहतो, त्यामुळे अशा अवयवावर पूर्ण हात देणे हे त्याच्या रक्षणाचेही काम आहे. कपड्यांखाली झाकला जाणारा भाग असेल तर मला तरी त्यात वावगे वाटत नाही. मात्र असे काम केल्याची नोंद लिहून ती बाहुलीसोबत ठेवावी, म्हणजे पुढे ती ज्याच्या हाती जाईल त्याची फसगत होणार नाही. मानेमागचा ठसा मात्र कोणत्याही परिस्थितीत रंगवू नये.

रंगाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण प्रश्नकर्त्याला चित्रकलेचा सराव असला तरी कागद वेगळा आणि बाहुलीचा गाल वेगळा. बाजारात त्वचेचा म्हणून मिळणारा तयार रंग बहुधा फारच गुलाबी असतो. पांढऱ्यात यलो ऑकर आणि लाइट रेड मिसळून सुरुवात करावी आणि रंग फार भडक वाटल्यास त्यात हिरव्याचा अगदी लहानसा ठिपका घालावा. शिवाय जुन्या रंगावर वर्षानुवर्षांचा पिवळेपणा चढलेला असतो, त्यामुळे नवा रंग मूळ रंगाशी जुळवायचा नसून आज दिसणाऱ्या रंगाशी जुळवायचा असतो. ॲक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद होतो, म्हणून नमुना कागदावर पूर्ण वाळवून मगच गालाशेजारी धरून पाहावा, आणि तोही दिव्याच्या नव्हे तर खिडकीच्या उजेडात.

गालावरच्या नखाएवढ्या भरावासाठी मी ॲक्रिलिकपेक्षा ग्वाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, पसंत करतो. रंग जुळला नाही तर तो जेमतेम ओलसर बोळ्याने परत काढता येतो. ॲक्रिलिक एकदा घट्ट बसला की तो काढायला लागणारे द्रावण शेजारच्या लॅकरलाही सोडत नाही. ब्रशने रेघ ओढू नये, जवळजवळ कोरड्या ब्रशने टिंब-टिंब उमटवत जावे. मूळ रंग बहुतेक वेळा फवाऱ्याने मारलेला असे, त्यामुळे त्यात ब्रशच्या खुणा नसतात आणि तुमचा एखादा फटकारा दिसला तरी ठिगळ उघडे पडते. लाली त्यानंतर द्यावी, आणि ती कोरड्या पेस्टलची पूड मऊ ब्रशने हळूहळू चढवून द्यावी. तकाकी जुळवण्यासाठी वार्निशऐवजी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ लेप फक्त भरावावर द्यावा. सर्व चेहऱ्यावर वार्निश मारलेली बाहुली लांबूनही नुकतीच दुकानातून आणल्यासारखी दिसते.

जुनी_पेटी

दोघांचेही मनापासून आभार. चेहरा घासण्याचा विचार मी पूर्णपणे सोडून दिला आहे. आता दोन शंका उरल्या आहेत. पायांवरचा ऑइलपेंट थिनरने काढता येईल का? त्याखाली मूळ रंग शिल्लक असल्याचे टाचेजवळ दिसते आहे. आणि डोळ्यांवरची साय शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब टाकल्याने जाते, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. ते खरे आहे का?

सरसभुसा

थिनर नको. येथे रसायनशास्त्र आपल्या विरोधात आहे. ऑइलपेंट वाळताना त्याच्या रेणूंची एकमेकांशी पक्की गुंफण होते आणि नंतर तो सहजासहजी विरघळत नाही. खालचा लॅकर मात्र नायट्रोसेल्युलोजचा असेल तर तो कितीही जुना झाला तरी आपल्या द्रावणात पुन्हा विरघळतो. म्हणजे वरचा नकोसा थर मऊ होण्याची वाट पाहत असताना खालचा हवासा थर आधीच वाहून गेलेला असेल.

राहतो तो केवळ हाताने काढण्याचा मार्ग. ऑइलपेंट जुन्या गुळगुळीत लॅकरवर, तेही मळ न काढता लावलेला असेल, तर तो बऱ्याचदा नीट धरलेला नसतो. भिंगाखाली टाचेजवळच्या त्या उघड्या कडेपासून सुरुवात करावी, सर्जिकल ब्लेड जवळजवळ आडवे धरावे आणि खरवडण्याऐवजी दोन थरांच्या मध्ये शिरून वरचा थर तासून उचलावा. तो पापुद्र्यांनी निघू लागला तर पुढे जावे. खालच्या गुलाबी थरासह निघत असेल तर काम तिथेच थांबवावे. अशा वेळी बारीक_कुंचला यांचा सल्ला मीही मानेन, म्हणजे ऑइलपेंट तसाच राहू द्यावा आणि त्यावरच योग्य छटेचा पातळ हात द्यावा. मूळ रंग निदान त्याखाली सुरक्षित तरी राहील.

कपाटातली

डोळ्यांविषयी लिहिते. तेलाने साय नाहीशी होत नाही, ती काही काळ दिसेनाशी होते. तुम्ही सांगता त्या काळातील अनेक बाहुल्यांचे डोळे पत्र्याचे असून त्यावर सेल्युलॉइडसारखा पारदर्शक थर असतो. त्या थरात पडलेल्या सूक्ष्म भेगांमध्ये तेल भरले की प्रकाश विखुरणे थांबते आणि बुबुळ स्वच्छ दिसू लागते. परंतु तेच तेल खोबणीच्या कडेने कॉम्पोझिशनमध्ये झिरपते, डोळ्याभोवती काळसर वर्तुळ उमटते आणि त्या जागी पुढे डिंकही धरत नाही व रंगही बसत नाही. तुम्हाला चेहऱ्यावर भरावाचे काम करायचे असल्यामुळे तर तेल मुळीच वापरू नये. डोळे आहेत तसे ठेवावेत, कोरड्या मऊ ब्रशने कोपऱ्यांतील धूळ काढावी आणि पापण्यांची हालचाल अडकत असेल तर ती बोटाने ढकलू नये. सेल्युलॉइड लवकर पेट घेते, म्हणून रंग झटपट वाळावा या हेतूने केस वाळवण्याचे यंत्रही चेहऱ्याजवळ नेऊ नये.

तुटलेल्या बोटांचा उल्लेख वर राहून गेला आहे. नुसता भराव टोकाला टिकत नाही, त्याला आतून काडी लागते. हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने बोटाच्या तुटक्या तोंडात अगदी थोडे खोल छिद्र पाडून त्यात पितळेची तार डिंकाने बसवावी. लोखंडी तार गंजते आणि गंजताना फुगून बोट फोडते. तारेभोवती भुसा व डिंकाचे मिश्रण थराथराने चढवून आकार घडवावा आणि डाव्या हाताची बोटे समोर ठेवून लांबी व बाक ताडून पाहावा. टोके किंचित जाड ठेवली तर नंतर घासून बारीक करता येतात.

हे सर्व करण्यापूर्वी हातपाय सुटे करून घ्यावेत. जुने इलॅस्टिक अचानक तुटले, तर हातपाय गळून पडतातच, शिवाय डोकेही मागे आपटते, म्हणून डोके टॉवेलच्या घडीवर टेकवून, एका हाताने मान धरून मगच इलॅस्टिकचा आकडा (हूक) सोडवावा. नवे इलॅस्टिक ओवताना ताण बेताचाच ठेवावा: बाहुली बसवली असता मान सरळ राहील इतकाच. अधिक ताणले तर मानेची आणि खांद्यांच्या भोकांची कड दाबली जाऊन तिथला रंग पहिल्यांदा फुटतो, आणि तुमच्या बाहुलीच्या हनुवटीपाशी आधीच कडा सुटलेल्या आहेत.

काम झाल्यावर तिला प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका, आत दमटपणा कोंडतो. आम्लविरहित कागदात गुंडाळून, ऊन व भिंतीची ओल यांपासून दूर, ज्या कपाटात वर्षभर हवा फारशी बदलत नाही तिथे तिला ठेवावे. सापेक्ष आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली तर उत्तम; आकडा थोडा इकडेतिकडे असला तरी चालतो, तो वारंवार वरखाली होणे अधिक घातक असते. आर्द्रता मोजण्याचे लहान यंत्र कपाटात ठेवले, तर कोणत्या महिन्यांत काळजी घ्यावी लागेल हे तुम्हालाच कळेल.