पसरलेलंच नाही, तर त्याला ‘कार्सिनोमा’ का म्हणायचं?

शंकासुर: बहिणीच्या स्तनाच्या बायोप्सीत ‘डक्टल कार्सिनोमा इन सिटू’ आलंय. घरात रडारड. डॉक्टर म्हणतात, पेशी दुधाच्या नळीतच आहेत, बाहेर पडलेल्या नाहीत, स्टेज शून्य. शून्य आहे तर कर्करोगाचं नाव कशाला? माझ्या मते हा शब्द अशा रिपोर्टांतून काढूनच टाकावा.

भिंगवाला: असहमत. कार्सिनोमा म्हणजे किती घातक ते नव्हे, कुठल्या पेशीतून आला ते. त्वचा, अवयवांचं अस्तर, ग्रंथी यांच्या पेशींतून उगम असेल तर कार्सिनोमा. हाड, स्नायू, चरबीतून असेल तर सार्कोमा. मोठ्या माणसांतले बहुतेक कर्करोग पहिल्या कुळातले. त्यातही ग्रंथीपेशींचा ॲडिनोकार्सिनोमा (प्रोस्टेट, मोठं आतडं), चपट्या पेशींचा स्क्वॅमस (तोंड, गर्भाशयमुख). फुफ्फुसात दोन्ही होतात आणि उपचार बदलतात: पेमेट्रेक्सेड हे औषध ॲडिनोला चालतं, स्क्वॅमसला देत नाहीत. नाव पुसलं तर हे कसं कळणार?

शंकासुर: कुळ तुम्हाला दिसतं हो, ऐकणाऱ्याला फक्त मरण ऐकू येतं. त्वचेचा बेसल सेल कार्सिनोमा दुसऱ्या अवयवात क्वचितच जातो, स्वादुपिंडाचा ॲडिनो झपाट्याने पसरतो. दोघांचं आडनाव एकच!

दुपारचा_चहा: नावं बदलतातही. २०१६ साली थायरॉइडच्या एका गाठीच्या नावातून ‘कार्सिनोमा’ वगळलं. कवचात बंद, आजूबाजूला न घुसलेली गाठ. तेव्हा कुणी कुळाचं रडगाणं गायलं नाही.

भिंगवाला: रडगाणं नाही, फरक सांगतो. ती गाठ काढली की परत येण्याची शक्यता अगदी कमी, म्हणून नाव बदललं. नळीतल्या पेशींचं तसं नाही. काही वर्षानुवर्षं तिथेच बसतात, काही नळी फोडून बाहेर येतात, आणि कुठल्या येतील ते आधी खात्रीने सांगता येत नाही. सौम्य नाव दिलं की माणूस तपासणीला यायचा थांबतो. नावाशी भांडण्यापेक्षा ग्रेड, म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात, काय लिहिलीय ते बघा.

दुपारचा_चहा: म्हणजे लोकांना घाबरवूनच दवाखान्यात आणायचं? छान.

भिंगवाला: तसं म्हटलेलं नाही. पण हो, थोडी भीती मला चालते.

शंकासुर: रिपोर्ट पुन्हा काढून पाहिला. ‘लो ग्रेड’ लिहिलंय, खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात. ‘कार्सिनोमा’ मात्र वर, ठळक. माझं मत अजून तेच आहे.