सांगोल्यात दातांचा दवाखाना काढायचाय, गाळा खालचा घेऊ की वरचा?

सांगोल्याची_सून
नमस्कार मंडळी. मी बीडीएस, २०१९ ची. पाच वर्षं पुण्यात दुसऱ्यांच्या दवाखान्यात टक्केवारीवर काम केलं. आता सासरी सांगोल्याला स्वतःचं काहीतरी करायचं ठरवलंय. हाताशी चार लाख आहेत, आणखी पाच बँकेकडून मिळतील असं वाटतंय. दोन गाळे बघितले. एक स्टँडजवळ तळमजल्यावर, भाडं १२ हजार. दुसरा आतल्या गल्लीत पहिल्या मजल्यावर, साडेपाच हजार. सासरे म्हणतात वरचा घे, दात दुखला की माणूस चढतोच. खुर्चीवाला इम्पोर्टेड मॉडेल गळ्यात मारायला बघतोय. अनुभवी लोकांनी सांगा, पैसा कुठे घालू आणि कुठे वाचवू?

दाढेवाले_काका
ताई, शेजारच्या तालुक्यात चोवीस वर्षं हेच करतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

खालचा घ्या. सासऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. दुखलं की माणूस चार मजले चढतो. पण रूट कॅनालची पहिली बैठक झाली की ठणका थांबतो, आणि दुसऱ्या बैठकीला त्याला एक जिनाही उंच वाटतो. अर्धवट राहिलेली ती दाढ सहा महिन्यांनी तुटून येते आणि नाव तुमचं खराब. कवळीवाले तर सगळे गुडघ्याचे. मी पहिली दोन वर्षं वरच होतो. एका आजींना जिना चढवेना, तेव्हा खालच्या सलूनवाल्याच्या खुर्चीत बसवून कवळीची ट्रायल घेतली. शेजारी एकाची दाढी चाललेली. आजी आरशात बघून खूश झाल्या, पण मी त्याच आठवड्यात खालचा गाळा शोधायला लागलो.

आता खरं दुखणं. भाड्याच्या आकड्यापेक्षा करार बघा. आपला दवाखाना खुर्चीत नसतो, फरशीखाली असतो. पाणी, हवा, वीज आणि ड्रेनेज, सगळं खुर्चीला जमिनीतून येतं. त्यासाठी फरशी फोडायची, ड्रेनेजला उतार द्यायचा, परत बुजवायचं. फरशी मालकाची, पाइप तुमचे, आणि उठताना पाइप काही उचलून नेता येत नाहीत. माझा करार ११ महिन्यांचा होता, दरवर्षी तोंडीच पुढे ढकलायचा. तिसऱ्या वर्षी मालक पायरीवरच्या चपला मोजायला लागले. भाडं दुप्पट करा, नाहीतर मुलाला गाळा हवाय. मी उठलो. दोनशे पावलांवर दुसरी फरशी फोडली, आणि तीन महिने पेशंट जुन्या दाराशी जाऊन परत फिरत होते.

म्हणून पाच वर्षांचा लीव्ह अँड लायसन्स करा, आणि नोंदणी करूनच. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. दरवर्षी किती टक्के वाढ, मुदतीआधी मालकानं उठवायचं नाही, फरशी फोडायला, बोर्ड लावायला, मागे खुर्चीला हवा देणारा कॉम्प्रेसर ठेवायला परवानगी, हे सगळं शब्दांत लिहून घ्या. 'मालक चांगले आहेत' हे मीही म्हणायचो.

खुर्ची भारतीय बनावटीची चालेल. विक्रेत्याला एकच विचारा, खुर्चीतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड उडाला तर मेकॅनिक सोलापूरहून येणार की मुंबईहून? आपलं बोअरचं पाणी म्हणजे खडू. माझ्या स्केलरच्या, म्हणजे दात साफ करायच्या यंत्राच्या, नळीत क्षार साचून पाणीच येईना. खुर्चीला स्वतंत्र पाण्याची बाटली जोडता येते, ती घ्याच, आणि अवजारं वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हला फक्त डिस्टिल्ड पाणी. कॉम्प्रेसर बिनतेलाचा, आणि रोज संध्याकाळी टाकीतलं पाणी सोडायचं. कॉम्प्रेसर साध्या इन्व्हर्टरवर ओढत नाही. दाढ अर्धी कोरली की लाइट जाणार हे धरूनच चाला, हाताची अवजारं आणि तात्पुरतं सिमेंट ट्रेमध्येच ठेवा.

आणि एक, जे पुण्यात कमी दिसलं असेल: राज्यात गुटखा २०१२ पासून बंद आहे, तरी दोन बोटं आत जाणार नाहीत इतकंच तोंड उघडणारी पंचविशीतली पोरं रोज येतील. लहान डोक्याचा एअररोटर (दात कोरायचं हवेवरचं यंत्र) पहिल्या दिवसापासून लागेल.

गणित_कच्चं
काका, १२ हजार म्हणजे रविवार सोडून दिवसाला साडेचारशेच्या वर. पहिल्या वर्षी काही दिवस तेवढेही येत नाहीत. आमच्याकडे डाळिंबाचे पैसे झाले की लोक कॅप बसवतात, तोवर 'गोळी द्या, बघू'. मी वरच सुरू केलं होतं, तग धरला तो त्यामुळेच.

दाढेवाले_काका
खरंय, खोटं कशाला बोलू. म्हणून इंटिरियरला पैसे घालू नका आणि सहा महिन्यांचं भाडं बाजूला ठेवा. तेवढं जमत नसेल तर वर जा, पण कवळीचं काम धरू नका.

फाइलवाली_डॉक्टर
कागदांचं मी सांगते. राज्य दंत परिषदेची नोंदणी चालू आहे ना बघा. प्रदूषण नियंत्रण मंडळाची जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी लागते (नियम २०१६), आणि कचरा नेणाऱ्या गाडीशी करार. रक्ताचा कापूस पिवळ्यात, ग्लोव्हज लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात. एक्स-रे मशीनची एईआरबीकडे (अणुऊर्जा नियामक मंडळ) त्यांच्या ई-लोरा पोर्टलवर नोंदणी, सेकंडहँड घेताना हेच बघायचं राहून जातं. शॉप ॲक्टला दोन-चारच कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना. व्यवसाय कर वर्षाला २,५००. खाटा नाहीत म्हणजे नर्सिंग होमची नोंदणी नको. कागदांत वाचवू नका, आणि पेशंटनं भरपाईचा दावा केला तर कामी येणारा इन्डेम्निटी विमाही काढा.

आणि पहिल्याच महिन्यात कोणीतरी 'पेशंट पाठवतो, आपलं काय?' विचारेल. हसून चहा द्या, बाकी काही नाही.

सांगोल्याची_सून
सगळ्यांचे आभार. आज खालच्या मालकांकडे जाऊन आले. पाच वर्षांना तयार आहेत, वाढीचंही मान्य. फरशीचं बोलले तर त्यांनी दुसरा चहा मागवला आणि पावसाचा विषय काढला. उद्या सासऱ्यांना घेऊन परत जाते.

दाढेवाले_काका
जाताना प्लंबरही न्या. कुठल्या चार फरश्या निघणार ते खडूनं आखून दाखवा. मालकांना वाटत असतं, तुम्ही अख्खा गाळा खणणार.